चौदा : लीलंडशी लावलेली जोडी

कान्सासचे खासदार लीलंड ट्रास्क पुन्हा निवडणूक लढवणार नाहीत, ही बातमी गुरुवारी आली. शनिवार दुपार होत आली तरी मिनेसोटातल्या हाउतालांच्या घरात तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. तळ्यावर धुकं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुपीरिअर तळ्यावर असं धुकं बसलं की समोरचा लाकडी धक्का दिसत नाही, त्याच्यावरचे कुरव पक्षी नुसते ऐकू येतात, आणि माणसाला वाटत राहतं की आपण अजून पुरते जागे झालेलो नाही. ज्यांना काही बोलायचं टाळायचं असतं त्यांना अशी हवा फार सोयीची पडते.

रायलीला टाळायचं नव्हतं. तिच्या पिशवीत उमेदवारीचा अर्ज होता. बापाचं मतदारसंघातलं ऑफिस ती एकतीस वर्षं चालवत होती. अर्ज भरणं, सही साक्षांकित करणं, शिक्का मारणं, सगळं तिच्याच हातचं काम. दर दोन वर्षांनी एक, असे पंधरा अर्ज तिनं भरले होते. हा सोळावाही भरून तयार होता, फक्त सही राहिली होती. मंगळवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती.

आर्विद व्हरांड्यात झुलत्या आरामखुर्चीत बसला होता. वय एक्क्याऐंशी, खासदारकीची वर्षं बेचाळीस, पायात मुलीनं आणलेले लोकरी मोजे. शेजारी त्याची बहीण इम्पी रुबार्बचे लाल देठ सोलत होती. ती शहाऐंशीची, त्यामुळं तिच्या लेखी आर्विद अजून पोरच होता. आजवर दोन निवडणुकांत तिनं भावाला मत दिलं नव्हतं, आणि दोन्ही वेळा त्याच संध्याकाळी जेवायला बसल्यावर तसं सांगितलंही होतं.

"सही करून टाका ना बाबा," रायली म्हणाली. "सोमवारी सकाळीच देऊन येते."

"करतो. धुकं जाऊ दे."

"धुक्याचा आणि सहीचा काय संबंध?"

"कुठं करायची ते दिसायला नको?"

"गुरुवारपासून ह्याचं तळ्यात-मळ्यात चाललंय," इम्पी सुरी न थांबवता म्हणाली. "लहानपणी पोहायला न्यायचे तेव्हाही असंच. धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहायचा. मग मीच मागून ढकलायची."

"तू ढकललंस म्हणून मला पोहता आलं नाही, इम्पी. मी नुसताच बुडालो होतो."

"वर आलास ना?"

आर्विद हसला. त्या हसण्यावर मतदारसंघानं त्याला एकवीस वेळा निवडून दिलं होतं, खाणी चालू होत्या तेव्हाही आणि बंद पडल्या तेव्हाही. आता इथली माणसं बदलली होती. राष्ट्राध्यक्षाला मत देताना ती दुसऱ्या पक्षाला देत, आणि त्याच कागदावर खाली येऊन हाउतालाच्या नावापुढं खूण करत. रायली हे सगळ्यांत चांगलं जाणून होती. म्हणूनच ती दर तासाला पिशवीकडं बघत होती.

बाराच्या सुमाराला डेल आला. तो धाकटा, वॉशिंग्टनमध्ये पक्षाच्या निवडणूक कचेरीत. कुठली जागा पक्की, कुठली डळमळीत, कुठं कोण पडेल, हा हिशेब मांडण्याचा त्याला पगार मिळे. विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन धुक्यातून दीड तास आला होता. आल्या आल्या त्यानं बापाला मिठी मारली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तशीच ठेवली. रायलीच्या ते लक्षात आलं, पण तिनं ते प्रवासाच्या थकव्यावर ढकललं.

जेवायला तळ्यातला भाजलेला मासा, शेपू घातलेले नवे बटाटे, आणि इम्पीचा वेलदोड्याचा पाव. पहिला घास होईपर्यंत सगळे हवेबद्दल बोलले.

"यंदा एकूण त्रेपन्न खासदार चाललेत," डेल म्हणाला. "त्यातले निम्मे वीस-वीस वर्षांच्या वर बसलेले. लोक म्हणतात, म्हातारे गेले, बरं झालं. निम्म्या वेळा मलाही तसंच वाटतं."

"आणि उरलेल्या निम्म्या वेळा?" इम्पीनं विचारलं.

"तेव्हा मला कुणीतरी विचारतं, आता खर्चाचं विधेयक लिहिता कुणाला येतं? मी यादी करायला बसतो. यादीत दोनच नावं निघतात. एक कान्सासचं आणि एक ह्या टेबलावरचं."

ते खरंच होतं. खर्च समितीत कधी आर्विद अध्यक्ष आणि लीलंड विरोधकांचा म्होरक्या, तर कधी लीलंड अध्यक्ष आणि आर्विद विरोधकांचा. सव्वीस वर्षं खुर्च्यांची अदलाबदल चालली होती. सभागृहात एकमेकांची सालटी काढायची, मग लीलंडच्या खोलीत चीज आणि खारी बिस्किटं घेऊन बसायचं आणि तीन दिवसांत देशाचा खर्च लिहून काढायचा. लीलंडला गव्हाचा विमा हवा असायचा, आर्विदला बंदर आणि बर्फफोडी जहाज. बाकीचं जग त्या दोन गोष्टींच्या मधे कुठंतरी बसायचं.

"लीलंड चाललाय म्हणजे मलाही जावं लागणार," आर्विद बटाटा कापत म्हणाला. मीठ मागावं तितक्या सहज तो हे बोलला होता.

रायलीचा काटा हवेतच राहिला. "का म्हणून?"

"जोडी आहे आमची."

"कसली जोडी?"

"मतांची. आता कुणी लावत नाही, तू बघितलेली नसशील." त्यानं काटा खाली ठेवला. जुन्या गोष्टी सांगताना त्याचा आवाज पुन्हा पन्नाशीचा होई. "तुझ्या आईचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात मी इथं ड्युलुथच्या दवाखान्यात, आणि तिकडं बंदराच्या विधेयकावर मतदान. एक-दोन मतांचा प्रश्न होता. मी बाजूनं, लीलंड विरोधात. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, एल्सीपाशी बस, इथलं मी बघतो. त्यानं विरोधात मत दिलं आणि मग उभा राहिला. म्हणाला, हाउताला इथं असता तर त्यानं बाजूनं दिलं असतं. त्याच्याशी माझी जोडी आहे. मी माझं मत मागे घेतो."

"स्वतःचं मत मागे घेतलं?" इम्पीनं विचारलं. हे तिलाही नवीन होतं.

"तोच तर नियम. जो गैरहजर असतो त्याचं काही जात नाही, तो घरी बसलेला असतो. जो हजर असतो तो आपलं मत सोडतो. विधेयक एका मतानं मंजूर झालं. त्याच्या पक्षातलं कुणी आठवडाभर त्याच्या टेबलावर जेवलं नाही."

"बरं, ते तेव्हाचं," रायली म्हणाली.

"बारा वर्षांपूर्वी आम्ही दुसरी लावली. एक निवृत्त झाला की दुसऱ्यानंही व्हायचं. एकाच्या जाण्यानं दुसऱ्याचं पारडं जड नको. हातावर हात मारला होता."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तो आत्ता चाललाय."

रायलीनं खुर्ची मागे सरकवली. "बाबा, त्यांची जागा कान्सासात आहे. त्यांच्या पक्षानं दगड उभा केला तरी निवडून येईल. आपली जागा तुमच्या नावावर उभी आहे, नाव गेलं की जागा गेली. सभागृहात बहुमत तीन जागांचं. दोन इकडच्या तिकडं झाल्या की सगळा देश फिरतो. ही कसली जोडी? लीलंडकाका आवळा देऊन कोहळा काढतायत."

"जोडी लावताना जागा मोजल्या नव्हत्या."

"तेव्हा मोजायच्या नव्हत्या. आता मोजायला लागतात. डेल, तू सांग ना, हे तर तुझंच काम आहे."

डेल पावाचा तुकडा लोण्यात बुडवत होता. लोणी केव्हाच संपलं होतं.

"बाबांचा शब्द आहे," तो म्हणाला.

जागा मोजून पोट भरणारा माणूस आज जागा मोजत नव्हता. रायली त्याच्याकडं बघत राहिली. इम्पीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि भांडी गोळा करायला घेतली. ह्या घरात तिला काही कळलं की ती आधी भांडी गोळा करते.

*

शनिवारी चारला साउना तापतो. पुरुषांची पाळी पहिली. आर्विदच्या बापानं बांधलेली ती वाफेच्या स्नानाची लाकडी खोली पाण्याला लागून होती, आणि तिथला रिवाज असा की आत गेल्यावर चर्चमध्ये वागतो तसं वागायचं. भांडण नाही, राजकारण नाही, खोटं नाही. शेवटच्या दोन अटींमुळं खासदाराच्या घरात साउना फार शांत असे.

वरच्या बाकावर बाप-लेक शेजारी शेजारी बसले. तापलेल्या दगडांवर आर्विदनं पळीभर पाणी टाकलं. वाफ छताला लागून हळूहळू खाली उतरली, खांद्यांवर, मग गुडघ्यांवर. खिडकीच्या छोट्या काचेतून पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. आत वाफ, बाहेर धुकं, मधे एक भिंत. डेलचे डोळे मिटायला लागले.

मिटल्या डोळ्यांपुढं मार्च महिना आला. समितीची सुनावणी, लीलंड अध्यक्षाच्या खुर्चीत. बाबांनी तटरक्षक दलाच्या अ‍ॅडमिरलला बर्फफोडी जहाजाबद्दल विचारलं आणि प्रश्नाला एक विनोद जोडला. जहाज माझ्याच वयाचं आहे, फरक इतकाच की त्याला अजून गंज चढायचाय. सगळे हसले. अ‍ॅडमिरलनं उत्तर दिलं. बाबांनी मान डोलावली, पान उलटलं, आणि तोच प्रश्न विचारला. तेच शब्द, तोच विनोद, त्याच जागी थांबणं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. अ‍ॅडमिरलनं पहिल्याइतक्याच आदरानं पुन्हा पूर्ण उत्तर दिलं. लीलंडनं घड्याळाकडं बघितलं आणि समितीला दहा मिनिटांची सुटी दिली. मागच्या रांगेत बसलेल्या डेलला वाटलं होतं, जमीन दुभंगली तर बरं.

"वाफ कशी आहे?" आर्विदनं विचारलं.

"छान आहे, बाबा."

"तू लहानपणी खालच्या पायरीवर बसायचास. वर आलं की रडायचास."

"आठवतंय."

दगड चरचरले. बाहेर कुठंतरी एक कुरव ओरडला आणि त्याला दुसऱ्यानं ओ दिली. बराच वेळ गेला, की थोडाच गेला, ते तिथं सांगता येत नाही.

"वाफ कशी आहे?" आर्विदनं विचारलं. "तू लहानपणी खालच्या पायरीवर बसायचास."

"छान आहे, बाबा," डेल म्हणाला, पहिल्याइतक्याच आदरानं, आणि तोंडावरून हात फिरवला. साउनात एक बरं असतं, सगळ्यांचेच चेहरे ओले असतात.

*

पुरुष बाहेर आले. आर्विद अंगाभोवती पंचा गुंडाळून, त्यावर जाड झगा चढवून व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसला. साउनानंतर तो पंधरा-वीस मिनिटं डुलकी काढतो, हे सगळ्यांना माहीत. इम्पी साउनाच्या बाहेरच्या खोलीत कपडे बदलत होती. रायली तिच्यासाठी थांबायचं सोडून डेलच्या मागोमाग धक्क्यावर गेली.

"तू जेवताना गप्प का बसलास?"

"शब्द आहे म्हणून."

"डेल, तू कॉलेजला असताना माझी गाडी तळ्यात घातलीस, तेव्हाही असंच तोंड करून उभा होतास."

धुक्यात धक्क्याचं टोक दिसत नव्हतं. डेल त्या न दिसणाऱ्या टोकाकडं बघून बोलायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबला नाही. सुनावणीचं सगळं सांगितलं. त्या दुपारी तो लीलंडच्या खोलीत गेला होता. बाबांना तोंडावर सांगायची हिंमत त्याच्यात नव्हती, आणि पक्षात कुणाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्रात आलं असतं.

"लीलंडकाकांनी मला एकच विचारलं. तुझा बाप पुन्हा अर्जावर सही करणार का? मी म्हटलं, करतील. रायली अर्ज पुढं धरेल आणि ते करतील. ते म्हणाले, असं असेल तर मला जावं लागेल."

"म्हणजे त्यांना जायचं नव्हतं?"

"त्यांना कशाला जायचं असेल? पुढच्या वर्षीही अध्यक्ष तेच राहिले असते. कालच दोन मैल चालून आलेत. ते गेले तर बाबा शब्दाखातर जातील, त्यांना कारण सांगावं लागणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब. मला वाटलं होतं ते बाबांशी बोलतील. ते आपली जागा सोडतील असं मला वाटलं नव्हतं गं."

रायली धक्क्याच्या फळीवर बसली. तिला राग आला होता, पण कुणाचा ते ठरेना. "हे तू मला का नाही सांगितलंस?"

"तू ती निळी कार्डं कधीपासून लिहितेस?"

बाबांच्या कोटाच्या वरच्या खिशात रायली कार्यक्रमाआधी एक निळं कार्ड ठेवायची. समोर कोण कोण असेल, त्यांची नावं, बायकोचं नाव, मागच्या वेळी काय मागितलं होतं. आधी फक्त अनोळखी लोकांची असत. मग ओळखीच्यांची झाली. गेल्या नाताळात तिनं एका कार्डावर 'डेल' लिहिलं होतं, आणि ते फाडून घरी येऊन रडली होती.

"दोन वर्षं," ती म्हणाली.

"म्हणजे आपण दोघंही."

"हो. आपण दोघंही."

पाणी धक्क्याच्या खांबांना हलकेच लागत होतं. डेलनं शर्टाच्या आतून एक घडी केलेला कागद काढला. "दुसरा अर्ज आणलाय. तुझ्या नावाचा. बाबांचा आज सही करून घेऊ, सोमवारी देऊन टाकू. मंगळवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी ते माघार जाहीर करतील. चार पन्नासला तू अर्ज देशील. पाचला खिडकी बंद. आपल्या पक्षात दुसरं कुणी उभं राहूच शकणार नाही. दुसऱ्या पक्षातला तो बंदरगावचा महापौर बाबांच्या विरोधात उभा राहायला घाबरतो, त्यामुळं पलीकडूनही कुणीतरी सोम्यागोम्याच असेल. जागा वाचली, बहुमताची आशा वाचली, शब्दही राहिला."

रायलीनं कागद हातात घेतला. तिला ती जागा हवी होती. हे तिनं कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं लोकांच्या पेन्शनी तिनं मिळवून दिल्या, खाणीतल्या विधवांच्या फायली तिनं हलवल्या, भाषणं तिनं लिहिली, आणि टाळ्या ऐकायला ती हॉलच्या मागच्या दाराशी उभी राहिली. आपलं नाव अर्जावर छापलेलं बघून तिचं काळीज लहान मुलीसारखं उडालं, आणि त्याच क्षणी तिला स्वतःची लाजही वाटली.

"हो म्हण," मागून इम्पीचा आवाज आला. ती टॉवेल गुंडाळून साउनाच्या दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. "हो म्हण, आणि मी तिसऱ्यांदा हाउतालाला मत देणार नाही."

"आत्या, तुला सगळं ऐकू गेलं?"

"धुक्यात पाण्यावरून आवाज जातो गं बाळ. पलीकडच्या काठावर कॅनडातही ऐकलं असेल."

तिघांनीही एकदम व्हरांड्याकडं पाहिलं. विरळ होऊ लागलेल्या धुक्यात तिथं फक्त रिकाम्या खुर्चीचं हलणं दिसत होतं.

*

आर्विदला आधी वाटलं होतं, हे स्वप्न आहे. साउनानंतरच्या डुलकीत त्याला नेहमी आवाज ऐकू येत, एल्सीचा, आईचा, सभागृहात नावं पुकारणाऱ्या कारकुनाचा. आज पांढऱ्या पडद्याआडून पोरांचे आवाज आले. अ‍ॅडमिरल. निळी कार्डं. असं असेल तर मला जावं लागेल. ते शब्द त्याच्या अंगावरून वाफेसारखे हळू उतरले, आणि तळव्यांपर्यंत पोचले तेव्हा त्याला कळलं की आपण जागे आहोत.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. भिंतीवरच्या फोनवर त्यानं नंबर फिरवला. तो त्याला पाठ होता. पाठ असलेल्या गोष्टींवर हल्ली त्याचा फार जीव होता.

"ट्रास्क बोलतोय."

"हाउताला."

"साउना झाला?"

"झाला. तुझ्याकडं पाऊस?"

"नाही. गहू पिवळा पडलाय. दोन आठवड्यांत कापणी."

"तब्येत कशी आहे तुझी, लीलंड?"

"डॉक्टर म्हणतो दहा वर्षं काही होत नाही. बायको म्हणते बारा, आणि ती वैतागून म्हणते."

"मग तू का चाललास?"

"एकदा तरी कापणीला घरी असावं म्हटलं."

"लीलंड, मी तो प्रश्न दोनदा विचारला का रे?"

कान्सासात कुठंतरी एक दार वाऱ्यानं आपटलं, ते मिनेसोटात ऐकू आलं.

"अ‍ॅडमिरलनं दोन्ही वेळा उत्तर चांगलं दिलं," लीलंड म्हणाला.

आर्विदनं भिंतीला टेकून डोळे मिटले. त्याला लाज वाटली, मग भीती वाटली, आणि दोन्ही ओसरल्यावर जे उरलं ते प्रेमच होतं. चाळीस वर्षांत ते दोघं एकमेकांना कधी तसं म्हणाले नव्हते, आणि आताही कुणी म्हणणार नव्हतं.

"जोडीत जो हजर असतो त्याचं मत जातं," तो म्हणाला.

"नियम माहितीये मला."

"तू हजर होतास."

"होतो."

"मी नव्हतो."

"आत्ता आहेस की," लीलंड म्हणाला. "म्हणून तर फोन केलास."

"तुझ्यानंतर त्या खुर्चीत कोण बसेल माहितीये ना? तो टेक्ससचा पोरगा. माझ्याकडच्या एकाशीही तो आजवर बोललेला नाही."

"आणि तुझ्या जागी येईल तोही त्याच्याशी बोलणार नाही. माहितीये. देशाचं काय होईल ते होईल, आर्विद. मला माझ्या मित्राला लोक हसलेले बघायचे नव्हते."

फोन ठेवून आर्विद वळला तेव्हा तिघंही दारात उभी होती. इम्पी अजून टॉवेलमध्येच होती.

"दोन्ही अर्ज टेबलावर ठेवा," तो म्हणाला.

रायलीनं ठेवले. त्यानं आपला सोळावा उचलला, नीट चार घड्या केल्या आणि झग्याच्या खिशात घातला. दुसरा वाचला, नावासकट.

"तुला उभं राहायचंय?"

रायलीनं आयुष्यभर ह्या प्रश्नाचं उत्तर विनोदात काढलं होतं. "हो," ती म्हणाली.

"मग सोमवारी सकाळी जाऊन दे. खिडकी उघडेल तेव्हा. मी आज जाहीर करतो, आत्ता. दोन दिवस आहेत, ज्याला यायचं त्यानं यावं."

"बाबा, महापौर येईल," डेल म्हणाला. "आपल्यातले चार येतील. ही हरू शकते. मी खरं सांगतो, बहुतेक हरेलच. आणि ही जागा गेली तर सभागृहही—"

"मी पहिल्यांदा आलो तेव्हा म्हाताऱ्या खासदारानं महिनाभर आधी सांगितलं होतं. अकराजण होतो आम्ही. दोनशे बारा मतांनी निवडून आलो. तुमच्या चार चाळीसला तो गेला असता तर त्याचा भाचा खासदार झाला असता, आणि मी अजून खाणीच्या युनियनमध्ये पावत्या फाडत असतो." तो मुलीकडं वळला. "मागच्या दारानं जागा देता येते मला. पण मग ती तुझी कधीच होणार नाही, तू माझं निळं कार्ड होशील."

रायलीला रडू आलं आणि ती रडली. डेलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं आता जागा मोजायला सुरुवात केली होती, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी मत देईन तुला," इम्पी म्हणाली. "बहुतेक."

साडेसहा वाजले होते. धुकं तळ्यावरून वर उचललं जात होतं आणि खालून पिवळसर उजेड खिडकीत शिरत होता. रायलीनं वही घेतली, डोळे पुसले, टेबलाशी बसली. आर्विद खिडकीशी उभा राहून सांगायला लागला. त्याचा आवाज पुन्हा पन्नाशीचा झाला होता.

"लिही. बेचाळीस वर्षं तुम्ही मला तुमच्या वतीनं बोलायला पाठवलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. ह्या वर्षी मी उभा राहणार नाही. त्याचं कारण माझी स्मरणशक्ती."

रायलीची पेन्सिल थांबली. "असं स्पष्ट?"

"असंच."

तिनं लिहिलं. तो तळ्याकडं बघत राहिला. धक्का आता अर्धा दिसत होता, त्यावरचे पक्षीही. मग त्यानं घसा साफ केला.

"लिही. बेचाळीस वर्षं तुम्ही मला तुमच्या वतीनं बोलायला पाठवलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे."

डेलनं बहिणीकडं बघितलं. दोन वर्षं अशा वेळी ती मान डोलावत आली होती, नुसती पेन्सिल हलवत आली होती, खोकला काढून विषय पुढं नेत आली होती.

"बाबा," रायली म्हणाली, "हे झालंय सांगून."

आर्विद वळला. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "पुढचं लिही."